मंगळवारच्या पुढचा वार

आई, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. ओटीवर येणारं प्रत्येक माणूस चहाचा कप हातात घेतल्याबरोबर एकच विचारतं, "काय झालेलं गो म्हातारीला?" तुमचा लेक म्हणतो, वय झालं होतं. तुमची लेक, आमच्या सुमनताई, भातसानगरहून आल्या तर त्या म्हणतात, म्हातारचळ, दुसरं काय! मी गप्प बसते. मी! जिच्या तोंडाला तुम्हाला कधी कुलूप घालता आलं नाही, ती तुमची सून गप्प बसते. लोकांना वाटतं, दुःखानं बसली असेल. दुःख आहेच. पण मला खरंच माहीत नाही हो, तुम्हाला काय झालं होतं ते.

तुम्ही म्हणाला असतात, "नाव कळून काय लोणचं घालायचंय?" सुमनताईही तेच म्हणायच्या. नव्वदीच्या बाईला कसला आजार, आणि त्या आजाराला कसले प्रकार! पण मला ते हवं होतं. दोन वर्षांत तुम्ही मला काय काय बोललात, आठवतंय का तुम्हाला? नसेलच. त्यातलं तुमचं किती आणि आजाराचं किती, एवढंच मला कळायला हवं होतं. ते कुणीतरी सांगेल म्हणून मी तुम्हाला घेऊन मुरबाडला खेटे घालत होते.

आपलं दोघींचं काही पहिल्यापासून गोडीगुलाबीचं नव्हतं. आटगावहून लग्न होऊन मी टोकावड्याच्या ह्या घरात आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला लागलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. दुसऱ्याच दिवशी भरल्या घरात मी हाक मारली, "मधुकर, जरा पाणी द्या हो." तुम्ही तांदूळ पाखडत होता. सूप खाली ठेवलंत. "आमच्यात नवऱ्याचं नाव नाय घेत," म्हणालात. मी म्हणाले, आमच्यातही नाही घेत, पण मी घेते. त्या दिवसापासून मी तुमची 'मास्तरीण' झाले. सून नाही, नाव नाही, मास्तरीण. "मास्तरणीला इचारा", "मास्तरीण आली काय शाळंतनं", आणि रागात असलात की नुसतं "ती".

तुमचं तर नुसतं नावावर भागत नव्हतं. मामंजी बुधवारी जन्मले म्हणून त्यांचं नाव बुधाजी, आणि तेवढ्यासाठी आख्खा वार तुम्ही तोंडातून काढून टाकलेला. सोमवार, मंगळवार, मग 'मंगळवारच्या पुढचा', मग गुरुवार. दूधवाल्याला सांगताना, भाजीवालीशी बोलताना, सुमनताईंच्या सोयरिकीची बैठक ठरवतानासुद्धा! मला हसू यायचं. मी मुद्दाम विचारायचे, "आई, शाळेत मुलांना अंडी कोणत्या वारी देतात?" तुम्ही पदर तोंडाला लावून म्हणायचात, "चल, चावट!" मामंजी कोपऱ्यात बसून मिशीतल्या मिशीत हसायचे.

मामंजी गेल्यावर एकदा मी म्हणाले, "आई, आता तरी म्हणा की बुधवार. आता कुणाचं आयुष्य कमी होणार आहे?" शाळेत मुलांना शिकवते तशी म्हणाले. तुम्ही वालाच्या शेंगा सोलत होता. मान वर न करता म्हणालात, "ते गेले. मी हाय ना अजून." मला ते पटलं नाही. पुन्हा कधीतरी वाद घालू म्हणून मी सोडून दिलं, आणि तो वाद तसाच राहिला.

मग त्या पोरी आल्या. माळ्याच्या शिडीखाली तुम्हाला तीन पोरी दिसायला लागल्या, परकर घातलेल्या, लहान लहान. तुम्हाला त्यांची भीती वाटत नव्हती. उलट माझ्यावर डाफरायचात, "पोरी उपाशी बसल्यात गो, काय तरी दे त्यांना." पहिल्यांदा मी तिकडं बघत बसले. मग समजावलं, तिथं कुणी नाही. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की येडी मीच. शेवटी मी एका ताटलीत शेंगदाणे ठेवायला लागले. तुमचं समाधान व्हायचं आणि शेंगदाणे कोंबडी खायची.

बरं, सगळे दिवस सारखे नसायचे. सकाळी तुम्ही इतक्या खणखणीत असायचात, की नागलीची भाकरी जाड झाली म्हणून मला ऐकवायचात. दुपारनंतर तुमच्याच ओटीवर बसून विचारायचात, "मला माज्या घरी कवा नेणार?" पाय घासत चालायला लागलात. मधूनच पडायचात. सुमनताईंना फोन केला की त्या म्हणायच्या, "वहिनी, वय झालंय. उगाच तिला सुया टोचत हिंडू नको." त्या आल्या की तुम्ही नेमक्या ठणठणीत. चुलीपुढं बसून गप्पा मारायचात, नातवंडांची नावं घ्यायचात. सुमनताई माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच काहीतरी रचून सांगते. काय चीड यायची तुमची तेव्हा!

पहिल्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार म्हणून सांगितलं आणि भास कमी व्हावेत, झोप लागावी म्हणून एक गोळी दिली. त्यांचीही चूक म्हणवत नाही. अशा म्हाताऱ्यांना ती देतात म्हणे. पण तुम्हाला ती भोवली. पोरी गेल्या खऱ्या, पण तुम्हीही गेल्यासारख्या झालात. अंग लाकडासारखं कडक. तोंडात पेज घातली तर गिळता येईना, गालावरून ओघळायची. मधुकर एका बाजूला जाऊन रडत होते. गोळी बंद केली तेव्हा कुठं हळूहळू तुमची मान वळली, आणि मग एका सकाळी तुम्ही शिडीकडे बघून म्हणालात, "आल्या काय गो?" आई, त्या दिवशी त्या नसलेल्या पोरी परत आल्या म्हणून मी देवापुढं दिवा लावला होता.

तेव्हाच मी ठरवलं, आता मोघम काही ऐकायचं नाही. कुठला आजार ते कळल्याशिवाय तुमच्या तोंडात एक गोळी जाऊ द्यायची नाही. मेंदूच्या एक डॉक्टरबाई कल्याणहून आठवड्यातून एकदा मुरबाडला यायच्या. आणि दैव बघा, त्यांचा वार नेमका बुधवार.

शेजारच्यांच्या इको गाडीतून तुम्हाला नेलं. डॉक्टरबाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या, पण बोलायला गोड. त्यांनी आधी वय विचारलं. आधार कार्डावर तुमचा जन्म एक जानेवारीचा, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा असतो तसा. तुम्ही सांगितलंत, "धरण बांधाय घेतलं तवा माजी सगळी बाळंतपणं झालेली." बाईंनी तेवढ्यावर अंदाज बांधला. मग कागद पुढं ठेवून म्हणाल्या, "आजी, एक घड्याळ काढा." तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल धरली असेल. गोल काढलात, बऱ्यापैकी काढलात, आणि विचारलंत, "किती भाकऱ्या काढू?" शंभरातून सात काढा म्हटल्यावर म्हणालात, "सात कुनी नेले?" लिंबू, चावी, फुगा हे तीन शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन, असं सांगितलं होतं. थोड्या वेळानं विचारलं तर तुम्हीच काळजीनं विचारलंत, "चावी गावली नाय काय तुमची?" बाईंना हसू आवरेना. मलाही.

"नवऱ्याचं नाव काय, आजी?"

तुम्ही पदर सारखा केलात आणि खाली बघितलंत.

"बरं, आज वार कोणता?"

"मंगळवारच्या पुढचा."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मी ताडकन उठले. म्हणाले, "अहो, हे चूक धरू नका! त्यांना येतंय. मामंजींचं नाव बुधाजी आहे." बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. लिहिलेलं खोडलं. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आमचे हे प्रश्न शाळेत गेलेल्यांसाठी केलेले असतात. यांना ऐकू कमी येतं, डोळ्यांत मोतीबिंदू, पाटी-पेन्सिलीची सवय नाही. ह्यातलं आजारामुळं काय चुकलं आणि बाकीच्यामुळं काय, ते ह्या कागदावरून मला नाही सांगता येणार. तुम्ही सांगा. तुम्ही रोज बघता."

मग त्यांनी मला खोदून खोदून विचारलं. झोपेत हातवारे करतात का? मी म्हणाले, आजचे नाहीत, मी लग्न होऊन आले तेव्हापासून करतात. झोपेत तुमचे हात चिखलात भाताची रोपं खोचत असल्यासारखे चालायचे. मामंजी सगळ्यांना सांगायचे, "आमची अर्धी लावणी ही झोपंतच करते." आम्ही त्यावर किती हसायचो! बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, काही वेळा हा आजार असा कितीतरी वर्षं आधी झोपेत चाहूल देतो. ज्याला आम्ही घरातली गंमत म्हणत होतो, तो म्हणजे हा आजारच तुमच्या उशाशी बसून होता की काय?

पुढच्या खेपेला मेंदूचा स्कॅन काढून नेला, तो बघून त्यांनी सांगितलं ते असं. पोरी दिसणं, सकाळी बरं दुपारी वाईट, पाय घासणं, झोपेतले हात, त्या गोळीनं अंग कडक होणं, हे सगळं लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराकडे बोट दाखवतं. पण नुसते डोळे अधू असल्यानंही नसलेली माणसं दिसू शकतात. स्कॅनमध्ये मेंदूला बारीक बारीक झटके येऊन गेल्याच्या खुणा आहेत, तो आणखी वेगळा प्रकार. आठवणीची जागा आक्रसली आहे, म्हणजे अल्झायमरही असेल. "आणि ह्या वयात मेंदू थोडा आक्रसलेला कुणाचाही दिसतो," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा दोन-तीन एकत्रच असतात. खिचडी शिजल्यावर डाळ-तांदूळ वेगळे काढता येतात का? तसं आहे."

मी म्हणाले, मला खात्रीनं एक नाव सांगा. बाई म्हणाल्या, "खात्रीनं माणूस गेल्यावरच सांगता येतं, मेंदू तपासून. आपल्याकडे ते कुणी करत नाही."

मला इतका राग आला! मेल्यावर कळून काय करायचं? गाडीत बसल्यावर मी मधुकरांवर तो काढला, तुमच्यावर काढला. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत भाताच्या शेतांना नावं ठेवत होता, ह्याचं पिवळं पडलंय, त्याचं तण काढलं नाय. आता ती वेळही येऊन गेली. पुरुष माणसं तुम्हाला नदीवर पोचवून आली. जे कळायचं होतं ते तिथंच जळालं.

बाईंनी दिलेल्या औषधानं काही महिने तुम्हाला बरं गेलं, हे मात्र खरं. आणि त्याच महिन्यांत तुम्ही मला चोर ठरवलंत. तुमची पुतळ्यांची माळ सुमनताईंकडे होती, तुम्हीच दिली होती. पण तुम्ही शेजारणीला सांगितलंत, मास्तरणीनं ढापली. दुसऱ्या दिवशी सांगितलंत, मास्तरीण मला उपाशी ठेवते. ज्या गावात माझ्या हाताखालून दोन पिढ्या शिकल्या, त्या गावात! मी शेजारणीकडे बघून हसले, घरात आले, आणि मोरीत जाऊन भांड्यांवर राग काढला. मधुकर म्हणाले, "आई नाही बोलत ते, आजार बोलतोय." डॉक्टरबाई पण तेच म्हणाल्या. मी ते धरून ठेवलं. आजार बोलतोय, आजार बोलतोय.

मग एका दुपारी मी तुमच्या डोक्याला तेल लावत होते. तुम्ही माझा हात धरलात. तेलाचाच हात, तो गालाला लावलात आणि म्हणालात, "माजी बाय गो ती."

एवढ्या वर्षांत तुम्ही मला कधी बाय म्हणाला नव्हता. सुमनताईंना म्हणायचात, शेजारच्या पोरींना म्हणायचात, गाभण शेळीलासुद्धा म्हणायचात. मला नाही. मी तशीच उभी राहिले, तेलाची वाटी हातात घेऊन. आणि मग लक्षात आलं, तुमची नजर शिडीखाली होती.

आई, इथंच माझं अडलं आहे. चोर म्हणालात ते आजाराचं म्हणून मी सोडून द्यायचं, तर ही 'बाय' पण आजाराचीच धरायला लागेल. आणि 'बाय' तुमची म्हणून ठेवून घ्यायची, तर 'चोर' पण ठेवून घ्यायला लागेल. एकाच तोंडातून, एकाच महिन्यात आलेले शब्द. ते मला कुणी निवडून देऊ शकलं नाही. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आपण शेवटचं मुरबाडला गेलो ते लग्नसराईच्या दिवसांत. तुम्हाला दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. बाईंनी तेच प्रश्न सुरू केले. गाव? नाही सांगितलंत. मुलं किती? नुसत्या हसलात. "आज वार कोणता, आजी?"

"बुधवार."

स्वच्छ, खणखणीत. मधुकर खूश होऊन म्हणाले, "बघा! आईला आठवलं!" बाईंनी लिहायला पेन टेकवलं, माझ्याकडे बघितलं आणि पेन तसंच धरून बसल्या. मला खोलीत थांबवेना. मी बाहेर जाऊन बाकावर बसले आणि पदरात तोंड घालून रडले. रांगेतली माणसं बघत होती, बघू देत. तुमचा एक गुण वाढला होता. तुम्ही गेलात तो दिवस लोक वेगळा सांगतात, माझ्यासाठी तो हाच.

घरी येताना तुम्ही गाडीत दोन-तीनदा तो शब्द म्हणालात. बुधवार, बुधवार. नुसता तोंडात घोळवत. तेव्हा मला सुचलं, की तुम्ही रीत विसरला नसाल. ती अजून तुमच्यावर आलीच नसेल. लग्न न झालेल्या पोरीला बुधवार म्हणायला कोण अडवणार? तुम्ही तुमच्या माहेरी, मामंजींच्या आधीच्या दिवसात जाऊन पोचला होता. तिथं मधुकर नव्हते, सुमनताई नव्हत्या. मी तर नव्हतेच नव्हते. वाद कुणाशी घालणार मी आता?

मधुकरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आईला आता आपलं काहीच वाईट वाटत नसेल." मी म्हणाले, चांगलं पण वाटत नसेल.

त्यानंतर तुमचं बोलणं तुटत गेलं. कधी एखादा शब्द, कधी नुसता हुंकार. पण एका सकाळी मी चमच्यानं तुम्हाला पेज भरवत होते, आणि तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत. शिडीकडे नाही, माझ्याकडे. नव्यानं ओळख होत असलेल्या बाईकडे बघतात तसं. आणि बोललात.

"तुजं लगीन झालंय काय गो?"

"झालंय की."

"नवरा कसा हाय?"

"बरा आहे. गरीब आहे स्वभावानं."

तुम्हाला ते आवडलं. पेजेचा घोट घेतलात, ओठ पुसू दिलेत. मग जरा पुढं झुकून, कुणी ऐकू नये म्हणून हळूच विचारलंत, "आन सासू? सासू कशी हाय?"

आई, जन्मभर मनात साठवलेली उत्तरं होती माझ्याकडे, एकापेक्षा एक झणझणीत. भांडी घासताना, शाळेत चालत जाताना पाठ केलेली. त्यातलं एकही आठवेना.

"तोंडाची तिखट आहे," मी म्हणाले. "पण मला तिच्याशिवाय करमत नाही."

तुम्ही मान हलवलीत, समजल्यासारखी. माझ्या मनगटावर हात ठेवलात. हे आजाराचं की तुमचं, हे मी त्या वेळी विचारलं नाही.

"मंग जा गो घरी," म्हणालात. "वाट बगत आसंल ती."

"जाते," म्हणाले, आणि तुमच्या शेजारीच बसून राहिले.